हाताच्या खात्यात शिल्लक किती?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



फळ्यावर माझा विषय "स्नायूतील मोटर युनिटांची मोजणी" असा लिहिला गेला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फिरताना दोघांनी मला अडवलं. "साहेब, टाकीखालची मोटर परत जळाली काय? यावेळी वर्गणी किती?" मी म्हटलं, बाबांनो, ती मोटर नाही. ही मोटर तुमच्या हातात, पायात, जिभेत आहे. त्यावर एक जण म्हणाला, "मग तर खर्च जास्तच येईन."

हसण्याचा भाग सोडा. पण या विषयाची सुरुवात खरोखरच आपल्या टाकीखालच्या मोटरीजवळ झाली. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत गेली. मी या भानगडीत का पडलो, ते आधी सांगतो.

आपल्या सोसायटीचे पंपवाले भाऊ सगळ्यांना आठवत असतील. खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. नळयोजनेचं पाणी पुरत नव्हतं, म्हणून बोअर घेतली, तेव्हापासून मोटर चालू-बंद करण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यासाठी कधी एक रुपया मानधन घेतलं नाही. त्यांच्या घरच्या वहिनी आज इथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे बोलतो आहे. त्या म्हणाल्या, "सांगा भाऊजी, लोकांना कळलं पाहिजे."

एका उन्हाळ्यात भाऊ माझ्याकडे आले. "साहेब, व्हॉल्व्ह पिळून राहिलो, पण फिरूनच नाही राहिला. वायसर गेला असंन." आपण वॉशर बदलला. पंधरा दिवसांनी पूर्ण व्हॉल्व्हच बदलला. त्याची पावती आजही हिशेबाच्या फाईलमध्ये लागलेली आहे. व्हॉल्व्हमध्ये काही बिघाड नव्हता. बिघाड भाऊंच्या उजव्या हातात होता. ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर पाने फिरवले, त्या हाताच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसायला लागला होता. अंगठा आणि पहिल्या बोटामधली जागा खोलगट झाली होती. आम्हाला कोणालाच दिसलं नाही. रोज दिसणाऱ्या माणसाचा हात कोण बघतो?

पुढचे आठ महिने मानेच्या मणक्यावर उपचार झाले. पट्टा, शेक, इंजेक्शनं. कोणी केले, कुठे केले हे सांगत नाही, कारण या आजारात सुरुवातीला असं सगळीकडेच होतं. मग दंडावरचं मांस आपोआप फडफडायला लागलं, तेव्हा आम्ही नागपूर गाठलं. तिथे सुई टोचून स्नायूंची तपासणी झाली, ईएमजी म्हणतात तिला. हातात, पायात, पाठीत, जिभेतसुद्धा सुई. भाऊ एक शब्द बोलले नाहीत. आजाराचं नाव निघालं ए.एल.एस., म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा सर्वांत नेहमी आढळणारा प्रकार. फ्रान्सच्या शार्को या डॉक्टरांनी १८६९ साली ज्याचं वर्णन केलं तो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना एकविसाव्या वर्षी जो झाला आणि तरी जे शहात्तर वर्षं जगले, तोच. हॉकिंग अपवाद होते. बहुतेकांना निदानापासून तीन ते पाच वर्षं मिळतात.

परतीच्या गाडीत वर्धा सोडल्यावर भाऊंनी मला विचारलं, "साहेब, तुमच्या बँकेत माणूस खिडकीवर येऊन शिल्लक विचारते. तुम्ही सांगता. माह्या हातात किती शिल्लक हाये, हे कोणी मोजत नाही काय?"

मी म्हटलं, असं कसं मोजता येईल. माजरी जंक्शन येईपर्यंत आम्ही पुढे काही बोललो नाही.

मी चुकीचं उत्तर दिलं होतं. मोजता येतं. भाऊ गेल्यानंतर वर्षभराने मला ते कळलं. आज जे सांगतो आहे ते त्यांना त्या गाडीत सांगायला हवं होतं.

आधी मोटर युनिट म्हणजे काय ते पाहू. आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू आहे. त्यात चेतापेशी आहेत. एका पेशीपासून एक लांब तार निघते, ती हातापायापर्यंत येते. मज्जारज्जूपासून पावलापर्यंत एकच अखंड तार, कमी-जास्त एक मीटर लांबीची. स्नायूत शिरल्यावर तिला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी एकेका स्नायुतंतूला जाऊन चिकटते. एक पेशी, तिची तार आणि तिच्या हुकमातले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. हे नाव लिडेल आणि शेरिंग्टन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९२५ साली रूढ केलं. शेरिंग्टनना पुढे १९३२ साली नोबेल मिळालं.

खाणीतल्या माणसांना हे लगेच समजेल. एक ओव्हरमन, त्याच्या हाताखाली त्याची टोळी. ओव्हरमनने शिट्टी वाजवली की टोळीतले सगळे एकदम कामाला लागतात, एकही मागे राहत नाही. टोळी मात्र सगळीकडे सारखी नसते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तारेमागे जेमतेम दहा-वीस तंतू, कारण तिथे काम बारीक. पोटरीच्या स्नायूत एका तारेमागे हजार-दोन हजार, कारण तिथे ताकद लागते. १९५५ साली स्वीडनच्या संशोधकांनी मृतदेहांवर मोजणी करून पोटरीच्या आतल्या बाजूच्या स्नायूत सुमारे ५८० युनिटं असल्याचं छापलं होतं. पण ती मोजणी मेलेल्या माणसात. जिवंत माणसात, कापाकापी न करता कसं मोजायचं?

हे काम १९७१ साली झालं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी मॅकोमास नावाचे डॉक्टर आणि त्यांचे तीन सहकारी होते. त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेला एक लहान स्नायू निवडला, जो बोटं वर उचलतो. त्यांची युक्ती मी वाचली तेव्हा मला हसू आलं, कारण ती युक्ती आम्ही बँकेत रोज करत होतो.

नाण्यांची पिशवी आली की कॅशियर एकेक नाणं मोजत बसत नाही. पिशवी काट्यावर ठेवतो. समजा निव्वळ वजन ९ किलो ४७५ ग्रॅम भरलं. २०११ च्या मालिकेतल्या एक रुपयाच्या नाण्याचं वजन ३.७९ ग्रॅम. भागाकार केला की २,५०० नाणी. पिशवी न सोडता हिशेब झाला.

मॅकोमास यांनी हेच केलं. त्वचेवर एक पट्टी चिकटवली, जी स्नायूतली वीज टिपते. घोट्याजवळ चेतेवर बाहेरूनच विजेचा सौम्य झटका द्यायला सुरुवात केली. झटका अगदी कमी असला तर काहीच होत नाही. थोडा वाढवला की एक तार जागी होते, तिची टोळी आकसते आणि पडद्यावर एक चिमुकली लाट उमटते. आणखी थोडा वाढवला की दुसरी तार सामील होते आणि लाट एकदम एक पायरी वर चढते. मधलं काही नसतं. एक तर तार पेटते किंवा पेटत नाही. अशा दहा-एक पायऱ्या मोजायच्या आणि एका पायरीची सरासरी उंची काढायची. हे झालं एका नाण्याचं वजन. मग झटका इतका वाढवायचा की सगळ्या तारा एकदम पेटतील. तेव्हाची लाट ही पूर्ण पिशवी. भागाकार केला की युनिटांची अंदाजे संख्या. निरोगी माणसाच्या त्या लहानशा स्नायूत त्यांना सरासरी दोनशेच्या आसपास उत्तर मिळालं.

इथे मी "अंदाजे" म्हटलं, ते सोडू नका. पिशवीत जुनी-नवी नाणी मिसळलेली असली तर काय होतं, ते कॅशियरला विचारा. १९९२ नंतरचा जुना स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणंही ४.८५ ग्रॅमचंच. नमुना म्हणून हातात जुनी नाणी आली आणि तेच वजन धरून मघाच्या पिशवीचा भागाकार केला, तर २,५०० च्या ऐवजी १,९५४ निघतील. साडेपाचशे नाणी कागदावर गायब. चौकशी लागेल. स्नायूतही टोळ्या लहान-मोठ्या असतात. नमुन्याच्या दहा पायऱ्यांत लहानच टोळ्या आल्या तर उत्तर फुगतं, मोठ्याच आल्या तर आटतं.

दुसरी भानगड अधिक चमत्कारिक आहे. दोन तारांची जागं होण्याची पातळी अगदी जवळजवळ असली, तर त्याच झटक्याला कधी पहिली पेटते, कधी दुसरी, कधी दोन्ही. पडद्यावर तीन वेगळ्या लाटा दिसतात आणि मोजणाऱ्याला वाटतं की तीन तारा आहेत. असतात दोनच. तीन तारा असल्या तर अशा जोडण्या सातपर्यंत जातात. म्हणजे पायऱ्या खोट्या वाढतात, एका पायरीची सरासरी खोटी कमी होते आणि शेवटी संख्या फुगते. हे म्हणजे एकाच माणसाने तीन नावांनी खातं उघडण्यासारखं झालं. बँकेत केवायसी आली, तशी या शास्त्रातही सुधारणा झाली. एकाच जागी झटका वाढवत नेण्यापेक्षा चेतेच्या लांबीवर वेगवेगळ्या ठिकाणी झटका द्यायचा आणि प्रत्येक ठिकाणची पहिलीच, सर्वांत लहान लाट घ्यायची. कोणी नमुन्यासाठी सुई वापरली, कोणी संख्याशास्त्र लावलं. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टर डाउबे यांनी लाटांच्या चढउताराच्या प्रमाणावरून एका युनिटचं माप काढण्याची पद्धत आणली. अलीकडे संगणक झटक्याची तीव्रता आपोआप बदलत शेकडो नोंदी घेतो आणि सगळ्या पायऱ्यांचा एकच आलेख काढतो. पण मुळात भागाकार तोच.

आपल्या जिल्ह्याला हे अनोळखी नाही. ताडोब्यात पूर्वी वाघाच्या पायाचे ठसे काचेवर उतरवून गणती व्हायची. एकच वाघ दोनदा मोजला जायचा, एखादा राहून जायचा. मग कॅमेरे आले, पट्ट्यांवरून वाघ ओळखायला लागले आणि जे वाघ कॅमेऱ्यात आलेच नाहीत त्यांचाही हिशेब गणिताने मांडायला लागले. तिथेही शेवटी अंदाजच, पण किती चुकू शकतो हे माहीत असलेला अंदाज.

आता एक नाव सांगतो, जे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. नांदेडकर. संजीव नांदेडकर. आडनावातच आपलं नांदेड. अमेरिकेत स्नायूंच्या विजेवर काम करणारे अभियंता-संशोधक. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत मांडली, तिला म्युनिक्स म्हणतात. स्वीडनचे स्टालबर्ग हे या क्षेत्रातलं मोठं नाव, तेही त्यात होते. २०१० साली निरोगी माणसं आणि मोटर न्यूरॉनचे रुग्ण यांच्यावरचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांची कल्पना अशी. पायऱ्या मोजत बसायचंच नाही. एकदा पूर्ण झटका देऊन पूर्ण लाट घ्यायची, बस. त्यानंतर झटके बंद. रुग्णाने स्वतःच स्नायू आवळायचा, आधी अगदी हलका, मग थोडा जास्त, मग अजून, शेवटी पूर्ण जोराने. तंत्रज्ञ हाताने विरोध करतो आणि दर वेळी त्वचेवरच्या पट्टीतून त्या गडबडीची नोंद होते. पूर्ण लाटेचं क्षेत्रफळ आणि तिची शक्ती, तसंच त्या गडबडीचं क्षेत्रफळ आणि तिची शक्ती, अशा चार आकड्यांतून संगणक एक निर्देशांक काढतो. एका स्नायूला काही मिनिटं पुरतात. सुई नाही. झटके नाहीत म्हणण्याइतके थोडे. नावात त्यांनी प्रामाणिकपणा ठेवला आहे हे मला आवडलं. त्यांनी त्याला संख्या म्हटलं नाही, निर्देशांक म्हटलं. महागाईचा निर्देशांक म्हणजे तुमच्या घरचं किराणाचं बिल नव्हे, पण महागाई चढली की उतरली हे तो सांगतो. हेही तसंच. म्हणून ए.एल.एस.वर नवं औषध तपासताना, रुग्णाची घसरण मंदावली का हे पाहायला ही पद्धत बऱ्याच देशांत वापरली गेली आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मोजायचं कशासाठी? ताकद तर हाताने दाबून कळतेच ना?

नाही कळत. इथेच भाऊंचे आठ महिने गेले.

समजा एका शाखेत दोनशे ठेवीदार आहेत. काही लोक खाती बंद करून निघून गेले. पण उरलेल्यांनी आपल्या ठेवी वाढवल्या. वर्षअखेरीला एकूण ठेवी पाहिल्या तर जवळपास तेवढ्याच. रीजनल मॅनेजर खूश. प्रत्यक्षात ठेवीदार पन्नास उरलेले. शाखा आता पन्नास लोकांच्या मर्जीवर उभी आहे.

स्नायूत नेमकं हेच घडतं. एक चेतापेशी मेली की तिची टोळी अनाथ होते. शेजारच्या जिवंत तारेला नव्या फांद्या फुटतात आणि ती त्या अनाथ तंतूंना आपल्या टोळीत घेते. शरीराची ही केवढी माणुसकी आहे पाहा. यामुळे अर्ध्याहून अधिक तारा गेल्या तरी ताकद जवळपास शाबूत दिसू शकते. माणूस काम करत राहतो, पंप चालवत राहतो. मग एक वेळ अशी येते की दत्तक घ्यायला कोणी उरत नाही. तेव्हा एकेक तार जाताना हजारो तंतू एकदम घेऊन जाते आणि व्हॉल्व्ह फिरेनासा होतो.

आकड्यात सांगतो, उदाहरण म्हणून. निरोगी स्नायूची पूर्ण लाट ८ मिलिव्होल्ट आणि एक पायरी ०.०४ असेल, तर युनिटं दोनशे. आजारात पूर्ण लाट ४ वर आली. निम्मी. वाटेल की निम्मं नुकसान झालं. पण उरलेल्या टोळ्या फुगल्यामुळे पायरी झाली ०.२ ची. भागाकार करा. वीस. शिल्लक निम्मी दिसते आणि ठेवीदार दहातला एक उरला आहे. ही तफावत फक्त मोजणीतच दिसते. भाऊंना मोजणीच हवी होती. खाणीत मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने बरोबर प्रश्न विचारला होता आणि आम्ही शिकलेले लोक गप्प बसलो.

मात्र एक गैरसमज होऊ देऊ नका. ही मोजणी औषध नाही आणि ती आजाराचं नावही सांगत नाही. तार कुठेही तुटली तरी संख्या कमीच येणार. आपल्या शेजारच्या वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. तिथे आपल्यापैकी बहुतेकांनी वाकड्या बोटांचे हात पाहिले आहेत, त्याच हातांनी विणलेल्या सतरंज्या घरी आणल्या आहेत. कुष्ठरोगाचा जंतू चेतेच्या आवरणातल्या पेशींत राहतो. कोपराच्या मागे, जिथे आपटलं की करंट लागल्यासारखं होतं, ती चेता जाड होते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आत वळतं. तिथे पेशी पाठीत जिवंत असते, तार वाटेत मेलेली असते. ए.एल.एस.मध्ये मूळ पेशीच मरते. मोजणी दोन्हीकडे कमी. पण कुष्ठरोगावर १९८० च्या दशकापासून बहुविध औषधांचा पक्का उपचार आहे आणि चेतेवरची सूज वेळेत ओळखली तर हातही वाचवता येतो. म्हणून हात बारीक होतोय म्हटल्यावर घाबरून घरी बसणं किंवा लाजून लपवणं, दोन्ही चूक. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने तर अजिबात लपवू नये.

आता माझं स्वतःचं. गेल्या वर्षी माझ्या डाव्या अंगठ्याखालचा भाग मला सपाट दिसला. त्या रात्री मी झोपलो नाही. दर अर्ध्या तासाने उठून दिव्याखाली दोन्ही हात जुळवून पाहत होतो. सौ. म्हणाली, "नमस्कार कोणाला करून राहिले?" तिला काही सांगितलं नाही. मुलाला सांगितलं, तो मला नागपूरला घेऊन गेला. तपासणी झाली, मनगटात चेता दाबली गेली असं निघालं. छोट्या शस्त्रक्रियेचं दुखणं. तिथल्या तरुण डॉक्टरसाहेबांना मी विनंती केली की मला पायऱ्या दाखवा. नेहमीच्या तपासणीत हे करत नाहीत, पण माझं वय पाहून त्यांनी ऐकलं असावं.

झटका म्हणजे हिवाळ्यात स्वेटर काढताना चट्कन लागतो तेवढाच, हळूहळू वाढत जाणारा. शेवटचा पूर्ण झटका मात्र जरा जोरात लागतो, अंगठा उडतो. पडद्यावर पहिली पायरी आली तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या पाठीच्या कण्यातली एक पेशी मी पाहत होतो, त्र्याहत्तर वर्षांची, माझ्याइतकीच जुनी. आम्ही आठ पायऱ्या घेतल्या. आठ मिळून ०.४ मिलिव्होल्ट, म्हणजे एक ०.०५ ची. पूर्ण लाट ७ ची. मी कॅल्क्युलेटरशिवाय सांगितलं, एकशे चाळीस. डॉक्टर हसले. म्हणाले, "काका, याच्यात चाळीस इकडे-तिकडे धरा." मी म्हटलं, चालेल, लेखापरीक्षणात मी यापेक्षा मोठ्या तफावती पाहिल्यात.

वयाचा मुद्दा इथे बसलेल्या बहुतेकांना लागू आहे. साठीनंतर युनिटं कमी व्हायला लागतात, आजार असो वा नसो. हे मॅकोमास यांच्याच गटाने १९७३ साली दाखवलं होतं. २०१० साली कॅनडातल्या संशोधकांनी नडगीच्या पुढच्या स्नायूची मोजणी केली. तरुणांत सरासरी १५० च्या आसपास, साठीतल्या साध्या माणसांत ९१ आणि त्याच वयाच्या, वर्षानुवर्षं धावणाऱ्या लोकांत १४०. ऐकून आमचे सकाळचे फिरायचे मित्र खूश झाले. पण थांबा. त्याच गटाने नंतर धावणाऱ्यांच्या दंडाचा स्नायू मोजला, तर तिथे काही फायदा दिसला नाही. ज्या स्नायूने काम केलं त्याचीच शिल्लक बरी दिसली. आणि माणसं मोजकीच होती, शिवाय ज्यांची युनिटं मुळात चांगली तेच म्हातारपणी धावू शकतात असंही असेल. मी तरी सकाळचं फिरणं सोडलेलं नाही. हातासाठी म्हणून बागेतलं खुरपं घेतलं आहे.

आता जो भाग माझ्या धंद्यातला, तो बोलून थांबतो. वहिनींनी हा आवर्जून सांगायला लावला.

निदानानंतर सहा महिन्यांनी भाऊंचा एक चेक परत आला. शेरा होता, सही जुळत नाही. बरोबरच होतं, सही जुळत नव्हती. नमुना कार्डावरची सही वीस वर्षांपूर्वीच्या हाताची होती. खात्यात पैसे होते, औषधाला पैसे हवे होते आणि मधे एक सही अडली होती. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, खातेदाराला घेऊन या. भाऊंना रिक्षातून उतरवून, दोघांनी धरून आणलं. त्यांनी पेन धरलं, ते पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, खातं माहं, आन् मीच खोटा."

कोणत्या बँकेत झालं ते महत्त्वाचं नाही, माझ्या काळात माझ्या हाताखालीही असं झालं असेल. पण नियम माहीत करून घ्या. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूण चालते, ती दुसऱ्याच्या मदतीने केलेली असली तरी. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. हे त्या दिवशी मला आठवायला हवं होतं, आठवलं दुसऱ्या दिवशी. मग आम्ही खातं दोघांच्या नावावर करून घेतलं, कोणीही एक चालवेल असं. नामनिर्देशन तपासलं, पेन्शनचा हयातीचा दाखला घरी येऊन घेण्याची सोय लावली. मोजणी झाली असती तर आम्हाला हात किती दिवस साथ देईल याचा अंदाज सहा महिने आधी आला असता आणि भाऊंना त्या खिडकीसमोर उभं राहावं लागलं नसतं. माझ्या लेखी या सगळ्या शास्त्राचा उपयोग एवढा तरी नक्कीच आहे.

भाऊ पुढे दोन वर्षं होते. शेवटी बोलणं गेलं, पण डोळे फिरत होते. या आजारात डोळ्यांच्या तारा बहुतेक शेवटपर्यंत टिकतात. मी सकाळी गेलो की ते डोळ्यांनीच टाकीकडे खूण करायचे. पाणी चढलं का, असं. मी मान हलवायचो.

टाकीखालचा तो जुना गोल चाकाचा व्हॉल्व्ह आपण मागच्या वर्षी काढला आणि एका बोटाने वळणारा दांड्याचा बसवला, हे सर्वांनी पाहिलंच आहे. मोटर चालू-बंद केल्याची भाऊंची नोंदवही सचिवांच्या कपाटात आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. शेवटच्या वर्षातलं अक्षर पानागणिक बदलत गेलेलं दिसतं.

ज्यांची खाती अजून एकट्याच्या नावावर आहेत, त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता पासबुक आणि आधार कार्ड घेऊन इथेच यावं. फॉर्म मी आणून ठेवले आहेत.